उसाच्या मळ्यातून विधिमंडळात : एका हाताच्या आमदाराची हकीकत



या पानावर लागण, खोडवा, खताचे डोस आणि साखर उतारा यांविषयी वाचायची सभासदांना सवय आहे. या वेळचा विषय जरा लांबचा, थेट पॅसिफिक महासागरातला आहे. पण तो उसाचाच आहे, म्हणून जागा देत आहोत. हवाई बेटांवर उसाच्या मळ्यात करारावर आणलेल्या एका जपानी मजुराचा नातू लढाईत उजवा हात गमावून परत आला, आमदार झाला, आणि ज्यांच्या मळ्यात आजोबा राबले त्यांचीच सत्ता मतपेटीतून उलथवणाऱ्यांत पुढे राहिला. नाव डॅनिअल इनोये. पुढे हे गृहस्थ अमेरिकेच्या सिनेटमध्ये जवळजवळ पन्नास वर्षे बसले, ते बहुतेकांना माहीत असते. आम्हाला सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे. मजुराच्या घरातला माणूस विधिमंडळापर्यंत पोहोचतो कसा, त्याला वाट कोणकोणत्या गोष्टींनी मोकळी होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

आधी तिथली ऊसशेती कशी होती ते बघू. हवाईत ऊस सुमारे दोन वर्षांचा होऊन तोडला जाई. आपला आडसाली १८ महिन्यांचा, तिथला त्याहून लांब. तोडणीपूर्वी फड पेटवायचा, पाचट जाळायचे आणि मग ऊस काढायचा. पण खरा फरक पिकात नव्हता, मालकीत होता. जमीन कंपनीची, ऊस कंपनीचा, गिरणी कंपनीची. ऊस वाहणारी छोटी रेल्वे, साखर नेणारी जहाजे, मजुरांच्या चाळी आणि ज्या दुकानातून मजूर तांदूळ घेई ते दुकानही त्यांचेच किंवा त्यांच्याच सोयऱ्याधायऱ्यांचे. अशा पाच बड्या कंपन्या होत्या : कॅसल अँड कुक, अलेक्झांडर अँड बाल्डविन, सी. ब्रुअर, अमेरिकन फॅक्टर्स आणि थिओ डेव्हिस. ‘बिग फाइव्ह’ म्हणूनच त्या ओळखल्या जात. एकेकाळी तिथे वर्षाला दहा लाख टनांच्या वर साखर निघे, आणि ती जवळजवळ सगळी या पाचांच्या हातून जाई.

एक गंमत सांगतो. ही कच्ची साखर शुद्ध व्हायला कॅलिफोर्नियात क्रॉकेट गावी जाई, आणि तो शुद्धीकरण कारखाना १९२१ पासून १९९३ पर्यंत चक्क सहकारी होता! फक्त त्याचे सभासद शेतकरी नव्हते, मळेवाल्या कंपन्या होत्या. सहकार नुसता नावात असून भागत नाही, सभासद कोण हे आधी विचारावे लागते.

या कंपन्यांचे बळ किती होते? हवाईला स्वतःची राणी होती, लिलिउओकलानी. १८९३ साली साखर आणि व्यापारातल्या गोऱ्या मंडळींनी अमेरिकी नौसैनिकांच्या आडोशाने तिला गादीवरून खाली उतरवले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत सामील झाली आणि १९०० पासून तिथे ‘टेरिटरी’चा, म्हणजे राज्याचा पूर्ण दर्जा नसलेल्या मुलखाचा कारभार सुरू झाला. निवडून आलेले विधिमंडळ होते, पण राज्यपाल वॉशिंग्टनहून नेमला जाई आणि अमेरिकेच्या अध्यक्षाला मत द्यायचा अधिकार लोकांना नव्हता. विधिमंडळावर रिपब्लिकन पक्षाचा ताबा, आणि रिपब्लिकन पक्षावर साखरेचा. हे असे पन्नास वर्षे चालले.

मजूर मात्र बाहेरून आणावे लागत. चीन, जपान, पोर्तुगाल, पोर्टो रिको, कोरिया, फिलिपाइन्स, असे करत करत माणसे आणली. मुद्दाम निरनिराळी, म्हणजे एका जातीने काम बंद केले की दुसरीला जुंपता येते. चाळी वेगळ्या आणि मजुरीचे दरही जातीनुसार वेगळे. प्रत्येकाच्या गळ्यात नंबर कोरलेला धातूचा बिल्ला असे, त्याला ‘बांगो’ म्हणत. पगाराच्या दिवशी नाव कुणी विचारत नसे, नंबर विचारत. घोड्यावरून फिरणारा मुकादम तो ‘लुना’.

आसाकिची इनोये १८९९ साली काउआई बेटावरच्या मॅकब्राइड मळ्यात आला तो असाच. जपानात त्याच्या बापाच्या घराला आग लागली आणि ती शेजारच्या घरांना लागली. गावच्या रीतीप्रमाणे नुकसान भरून देणे त्या घरावर आले. रक्कम चारशे डॉलरच्या घरात, म्हणजे त्या शेतकऱ्याला सात जन्मांत न फिटणारी. थोरला मुलगा म्हणून आसाकिची बायको आणि चार वर्षांचा पोर हयोतारो यांना घेऊन पाच वर्षांच्या करारावर निघाला. कर्ज फेडायचे आणि परत यायचे, एवढाच हिशेब. पाच वर्षे संपली, कर्ज संपले नाही. फेड होईपर्यंत मुलगा मोठा झाला, त्याचे बस्तान तिथेच बसले, आणि परत जाणे राहून गेले.

हे लिहिताना आम्हाला आपल्या फडावरची माणसे डोळ्यांसमोर येतात. बीड, पाथर्डी, आष्टीकडून उचल घेऊन आलेला कोयता आणि आसाकिचीचा करार यांत फरक आहे, नाही असे नाही. पण ‘एवढा हंगाम केला की फिटले’ हे वाक्य दोघांच्याही तोंडी सारखेच. आपण सभासद आहोत, आपला कारखान्यात शेअर आहे, सर्वसाधारण सभेत उभे राहून चेअरमनला विचारायचा हक्क आहे. फडातल्या माणसाला यातले काय आहे, याचा विचार ज्याने त्याने करावा. आम्ही पुढे जातो.

हवाईच्या मजुरांनी संप केले नाहीत असे समजू नका. १९०९ साली जपानी मजुरांनी मोठा संप केला. १९२० मध्ये ओआहू बेटावर जपानी आणि फिलिपिनो मजूर सहा महिने बाहेर होते. कंपन्यांनी हजारो माणसांना चाळींतून बाहेर काढले, त्यात इन्फ्लुएंझाची साथ, आणि शेवटी संप मोडला. एकेक जात वेगळी लढली की हरणार, हे त्यातून उमगले. ती उमज कामाला यायला मात्र आणखी पाव शतक जावे लागले.

पण एक गोष्ट कंपन्यांच्या लक्षात उशिरा आली. जपानहून आलेल्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व मिळत नसे, कायद्यानेच बंदी होती, आणि ती १९५२ पर्यंत टिकली. मात्र बेटांवर जन्मलेले मूल जन्मतःच नागरिक. म्हणजे बापाला मत नाही, पण मुलाला आहे! मळ्यांच्या चाळींत एक अख्खी पिढी मतदार म्हणून वाढत होती. आता मतदानावरही नजर असायची, ते सोडा. केंद्रावर पेन्सिल वरून दोरीला टांगलेली असे आणि दोरी कुठल्या बाजूला हलली ते बघून कोणाला मत पडले ते बाहेरचा मुकादम ओळखी, असे तिथले जुने लोक सांगत. खरे-खोटे देव जाणे. पण असे सांगावेसे वाटले, यावरूनच काय ते समजावे.

डॅनिअल या पिढीतला. जन्म ७ सप्टेंबर १९२४, होनोलुलू. वडील हयोतारो, म्हणजे तोच चार वर्षांचा पोर, शहरात नोकरीला लागले होते. आई कामे, माउई बेटावर जन्मलेली आणि लहानपणी अनाथ झालेली. तिला काही काळ एका मूळ हवाईयन कुटुंबाने सांभाळले होते, आणि त्या उपकाराची आठवण तिने पोराला जन्मभर करून दिली. पोराला सर्जन व्हायचे होते.

७ डिसेंबर १९४१ रोजी रविवारी सकाळी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. सतरा वर्षांचा डॅनिअल रेडक्रॉसचा प्रथमोपचार स्वयंसेवक होता. तो सायकलवर टांग मारून निघाला आणि पुढचे काही दिवस जखमी आणि मेलेली माणसे उचलत राहिला. ज्या विमानांनी ही माणसे मारली त्यांतले वैमानिक दिसायला आपल्यासारखेच, ही टोचणी त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवली आहे.

पुढे जे झाले ते अमेरिकेच्या इतिहासातले काळे पान आहे. मुख्य भूमीवर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांत बहुसंख्य जन्मतः नागरिक होते, घरदार, शेती, दुकान सोडायला लावून तारेच्या कुंपणातल्या छावण्यांत टाकले. हवाईत मात्र असे सरसकट केले नाही. का? हवाईत जपानी वंशाचे लोक लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होते. एवढ्यांना उचलले असते तर बंदरात काम करायला आणि फडात ऊस तोडायला माणूसच उरला नसता. मात्र लष्करी कायदा पुकारला, मजुरी गोठवली, नोकरी बदलायला बंदी घातली. कामगारांच्या मनात राग साठला तो या दिवसांत.

डॅनिअलच्या वयाच्या पोरांना सैन्याने शत्रूदेशाच्या माणसांच्या वर्गात टाकले होते, म्हणजे लढायची इच्छा असूनही घेत नव्हते. १९४३ च्या सुरुवातीला धोरण बदलले आणि जपानी वंशाच्या तरुणांची वेगळी तुकडी काढायचे ठरले, तीच ४४२ वी रेजिमेंट. हवाईतून १,५०० माणसे हवी होती, रांगेत जवळजवळ १०,००० उभी राहिली. मळ्यांच्या चाळींतली, कॉलेजातली, कोळ्यांची पोरे. डॅनिअल कॉलेजात होता आणि वैद्यकीय केंद्रावर काम करत असल्याने त्याला आधी नाकारले. त्याने ते काम सोडले आणि पुन्हा रांगेत गेला. निरोप देताना बापाने एवढेच सांगितले की, या देशाने आपल्याला बरेच दिले आहे, घराण्याला खाली मान घालावी लागेल असे काही करू नकोस.

मिसिसिपीच्या छावणीत शिक्षण सुरू झाले आणि पहिली लढाई जुंपली ती आपापसांत! हवाईची पोरे मोकळीढाकळी, मोडके इंग्रजी बोलणारी. मुख्य भूमीवरची पोरे गंभीर, अबोल. रोज मारामाऱ्या. मग वरिष्ठांनी हवाईच्या काही जणांना जवळच्या आर्कान्सॉमधली जपान्यांची बंदिवास छावणी दाखवायला नेले. तारेचे कुंपण, पहाऱ्याचे मनोरे, आणि आत आपल्या सोबत्यांचे आईबाप. त्यांनी आपल्या शिध्यातून वाचवून या पोरांना जेवू घातले. परतताना बसमध्ये कुणी बोलले नाही. आपण या जागी असतो तर सैन्यात आलो असतो का, हा प्रश्न इनोये यांना म्हातारपणापर्यंत पडत राहिला. भांडणे त्या दिवशी संपली.

१९४४ च्या जूनमध्ये रेजिमेंट इटलीत लढाईत उतरली. आता इथे आपला संबंध येतो. त्याच इटलीत आपले मराठे लढत होते. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. ते कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना उचलून आणले आणि शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली. ते नगर जिल्ह्यातल्या निमजचे, म्हणजे साखरपट्ट्यातले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. नामदेव जाधवांनंतर बारा दिवसांनी, त्याच शेवटच्या चढाईत, पण पश्चिमेच्या डोंगरात, इनोये यांचा प्रसंग घडला.

मधल्या काळात रेजिमेंट फ्रान्समध्येही जाऊन आली. तिथे व्होज पर्वताच्या जंगलात वेढ्यात सापडलेल्या टेक्सासच्या एका बटालियनला तिने ऑक्टोबर १९४४ मध्ये सोडवले. सोडवले २११, आणि त्यापायी स्वतःचे सुमारे ८०० मेले किंवा जखमी झाले. फ्रान्समध्येच एकदा गोळी इनोये यांच्या छातीवर बसली ती खिशातल्या दोन चांदीच्या डॉलरवर! तेव्हापासून ती नाणी त्यांनी जपली होती. शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री ती हरवली असे ते सांगत.

२१ एप्रिल १९४५. सान तेरेंझोजवळची कोल्ले मुसातेल्लो ही टेकडी. इनोये तेव्हा सेकंड लेफ्टनंट. समोर तीन मशीनगन. पोटात गोळी लागली तरी त्यांनी पहिले ठाणे हातबाँबने उडवले, दुसरे उडवले. तिसऱ्यापर्यंत सरपटत गेले, हातबाँबची पिन काढून उजवा हात मागे नेला, आणि तेवढ्यात शत्रूचा रायफल-ग्रेनेड कोपरावर बसला. हात लोंबकळला, पण मुठीत जिवंत बाँब तसाच. माणसे मदतीला धावली तर त्यांना ओरडून मागे सारले. डाव्या हाताने त्या निर्जीव मुठीतून बाँब सोडवून घेतला आणि फेकला. तिसरे ठाणेही गेले. पुढे डाव्या हातात बंदूक घेऊन चालले ते पायात गोळी लागून पडेपर्यंत. वय वीस. आणखी सतरा दिवसांनी युरोपातली लढाई संपली.

हात काढावा लागला. दवाखान्यात वीस महिने गेले. एकदा त्यांनी सिगारेट मागितली तर नर्सने पाकीट आणि काड्या अंगावर टाकल्या आणि निघून गेली. एका हाताने काडी कशी ओढायची यात बराच वेळ गेला, चिडचिड झाली. पण त्या बाईने आपल्याला पहिला धडा दिला असे ते मानत. मिशिगनच्या लष्करी इस्पितळात शेजारी होता कॅन्ससचा बॉब डोल. हाही इटलीतच, एक आठवडा आधी जखमी झालेला आणि उजवा हात निकामी झालेला. त्याने आपला बेत सांगितला : वकिली, मग कॅन्ससचे विधिमंडळ, मग वॉशिंग्टन. सर्जन तर आता होता येणार नव्हते. इनोये यांनी त्याचा बेत उचलला. डोल खरोखरच कॅन्ससचे आमदार झाले, पुढे सिनेटर झाले आणि १९९६ साली अध्यक्षपदाला उभे राहिले. पक्ष वेगळे, दोस्ती शेवटपर्यंत.

घरी परतताना सॅन फ्रान्सिस्कोला ते केस कापायला एका न्हाव्याच्या दुकानात शिरले. अंगावर कॅप्टनचा गणवेश, छातीवर पदके, हाताच्या जागी आकडा. न्हाव्याने विचारले, तू कोण? आणि जपान्यांचे केस आम्ही कापत नाही म्हणून सांगितले. भांडण न करता ते बाहेर पडले.

आता आमदारकी. पदके मिळाली म्हणून निवडून आले, असे वरवर वाटते. ते खरे नाही. चार गोष्टी एकत्र आल्या होत्या.

एक म्हणजे शिक्षण. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांची फी आणि राहण्याचा खर्च सरकारने उचलला. ज्यांच्या बापाला महिन्याचे दुकानाचे बिल भागत नव्हते अशी शेकडो पोरे कॉलेजात गेली. इनोये यांनी हवाई विद्यापीठाची पदवी घेतली, वॉशिंग्टनला कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९५३ मध्ये होनोलुलूत सहायक सरकारी वकील झाले. त्यांच्या रेजिमेंटचे कितीतरी जण असेच वकील, शिक्षक, हिशेबनीस होऊन परतले. एक हुशार पोर वर गेले तर ती नशिबाची गोष्ट. अख्खी पलटण शिकून आली की सत्तेला हिशेब द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट युनियन. गोदी कामगारांची जी संघटना होती, ती मळ्यांत शिरली आणि तिने १९२० चा धडा गिरवला : जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज, सगळे एकाच युनियनमध्ये. १ सप्टेंबर १९४६ रोजी सुमारे २६ हजार ऊस कामगारांनी काम थांबवले आणि ७९ दिवसांनी जिंकून उठले. मळेवाल्यांना जाती एकमेकींवर घालता आल्या नाहीत, हे प्रथमच घडले. १९४९ मध्ये गोदी कामगारांचा संप सहा महिन्यांच्या आसपास चालला आणि बेटांवर तांदळाची ओरड झाली, तेव्हा लोकांचे शिव्याशापही युनियनला मिळाले. ते लपवण्यात अर्थ नाही.

तिसरे, आजी सैनिकांची शिस्त माजी झाल्यावरही टिकली होती. ४४२ वीच्या क्लबातली माणसे घरोघर हिंडली. आणि चौथे, जॉन बर्न्स नावाचा एक गोरा माजी पोलीस अधिकारी. हा गरीब वस्तीत वाढलेला, युद्धात जपानी वंशाच्या लोकांची बाजू घेतलेला. मोडकळीला आलेला डेमोक्रॅटिक पक्ष त्याने हाती घेतला आणि या माजी सैनिकांना सांगितले, नुसते मत देऊ नका, उभे राहा.

१९५४ ची निवडणूक आली. विरोधकांचा एकच घोष : डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे कम्युनिस्टांच्या हातातले बाहुले. युनियनच्या काही पुढाऱ्यांवर तसे खटले झालेलेच होते, त्यामुळे आरोप चिकटत होता. एका जाहीर वादात इनोये यांनी लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवले. रिकामी बाही दाखवत म्हणाले की, हा हात फॅसिस्टांशी लढताना दिला आहे, कम्युनिस्टांशी लढायला देशाला दुसरा हवा असेल तर तोही घ्यावा. आपण हाताचे भांडवल केले याचे त्यांना नंतर बरे वाटले नाही म्हणतात. पण सभागृह त्या एका वाक्याने फिरले.

निकाल लागला. टेरिटरी झाल्यापासून प्रथमच दोन्ही सभागृहे डेमोक्रॅट्सच्या हाती गेली. तीस वर्षांचे इनोये पहिल्याच खेपेला कनिष्ठ सभागृहात बहुमतवाल्या पक्षाचे नेते. सभागृह भरायचे ते इओलानी राजवाड्यात, राणीच्या जुन्या दरबार दालनात. साखरवाल्यांनी जिला उठवले तिच्या सिंहासनाच्या दालनात त्यांच्या मजुरांची नातवंडे आमदार म्हणून बसली.

पण म्हणून लगेच राज्य आले असे नव्हे. कायदे सपाट्याने मंजूर झाले. मोठ्या जमीनदारीवर कर, शाळांना पैसा, कामगारांना नुकसानभरपाई. आणि राज्यपाल सॅम्युएल किंग यांनी ते डझनांनी नाकारले. राज्यपाल निवडलेला नव्हता, वरून नेमलेला होता. लोकांनी निवडून दिलेल्या सभेचा ठराव एका नेमलेल्या माणसाच्या सहीवर अडतो, हे हवाईच्या लोकांना त्या वर्षी डोळ्यांनी दिसले. राज्याचा पूर्ण दर्जा मिळालाच पाहिजे या मागणीला खरा जोर आला तो यातून. १९५७ मध्ये याच विधिमंडळाने फाशीची शिक्षा रद्द केली. तोवर फासावर गेलेल्यांत बहुतेक मजूर वर्गातले, बाहेरून आणलेले लोक होते. अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी तेव्हा फाशी रद्द होती.

१९५८ मध्ये इनोये वरिष्ठ सभागृहात गेले. २१ ऑगस्ट १९५९ रोजी हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले आणि इनोये तिथले पहिले काँग्रेस सदस्य. शपथविधीला सभापतींनी सवयीने म्हटले, उजवा हात वर करा. सभागृह एकदम शांत झाले. वर गेला तो डावा हात. १९६२ मध्ये सिनेटसाठी समोर उमेदवार होता बेन डिलिंगहॅम, ज्याच्या आजोबांनी ओआहूवर ऊस वाहणारी रेल्वे बांधली होती. रेल्वेवाल्याचा नातू विरुद्ध फडातल्या माणसाचा नातू. फडातला मोठ्या फरकाने जिंकला.

पुढची पन्नास वर्षे थोडक्यात. १९७३ मध्ये वॉटरगेट चौकशी समितीवर, १९८७ मध्ये इराण-कॉन्ट्रा चौकशीचे अध्यक्ष. युद्धात छावण्यांत टाकलेल्यांची चौकशी व्हावी यासाठी आयोगाची कल्पना त्यांनी पुढे रेटली आणि १९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. १९९३ मध्ये राणीला पदच्युत केल्याबद्दल मूळ हवाईयन लोकांची माफी मागणारा ठराव झाला, त्यातही ते होते. २१ जून २००० रोजी त्यांच्या टेकडीवरच्या पराक्रमाचे पदक वाढवून सर्वोच्च ‘मेडल ऑफ ऑनर’ दिले गेले, पंचावन्न वर्षांनी. त्याच दिवशी ४४२ वी आणि तिला जोडलेल्या १०० व्या बटालियनच्या आणखी १९ जणांना ते मिळाले, बरेचसे मरणोत्तर. १७ डिसेंबर २०१२ रोजी ८८ व्या वर्षी ते वारले तेव्हा सिनेटरच होते.

सगळेच गोड होते असे सांगून आम्ही सभासदांची दिशाभूल करणार नाही. १९९२ च्या निवडणुकीत एका बाईने त्यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप केला. त्यांनी तो नाकारला आणि निवडून आले, पण प्रश्न तिथेच राहिला. वॉशिंग्टनहून आपल्या राज्यात पैसा ओढून आणण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, आणि यावर टीकाही होई. शिवाय १९५४ च्या त्या सत्तांतराचे काय झाले हेही बघायला हवे. मोठी जमीनदारी मोडण्याचे वचन होते. तसा कायदा व्हायला १९६७ उजाडले, आणि मधल्या काळात सत्तेतल्या नव्या मंडळींतले काही जण स्वतःच जमिनीच्या आणि हॉटेलांच्या धंद्यात शिरले. हे आपल्याकडच्या वाचकाला फार समजावून सांगायला नको.

आणि ऊस? युनियनच्या लढ्याने हवाईचा ऊस कामगार जगातल्या सर्वांत चांगला पगार घेणाऱ्या शेतमजुरांत गेला. म्हणूनच साखर बुडाली असे म्हणणारे आहेत. आम्हाला ते अर्धेच पटते. समुद्रकाठच्या ज्या एकरात ऊस लावून मिळायचे त्याच्या कितीतरी पट हॉटेल बांधून मिळू लागले. जमीन कंपनीची होती, कंपनीने हिशेब केला आणि ऊस सोडला. जमीन ऊसवाल्याची स्वतःची असती तर त्याने वेगळा हिशेब केला असता की नाही, यावर सभासदांनी आपले मत आम्हाला जरूर लिहून कळवावे. एकेक गिरणी बंद होत गेली. माउईवरच्या पुउनेने गावचा शेवटचा साखर कारखाना डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला. मालक होती त्या पाचांतलीच एक, अलेक्झांडर अँड बाल्डविन. काउआईवर आसाकिची राबला त्या मॅकब्राइड मळ्याची साखर १९९६ मध्येच थांबली होती. तिथल्या जमिनीत आता कॉफी आहे. क्रॉकेटचा शुद्धीकरण कारखाना चालू आहे, फक्त त्याला कच्ची साखर आता दुसरीकडून येते.